क्लेमान्सो: अलंगला न पोचलेलं जहाज आणि ॲस्बेस्टॉसचं प्रशिक्षण

31 डिसेंबर 2005 रोजी फ्रान्सच्या तुलाँ बंदरातून एक निवृत्त विमानवाहू जहाज टगच्या मागे बांधून बाहेर काढलं गेलं. नाव क्लेमान्सो. लांबी 265 मीटर, फ्रेंच नौदलातली सेवा 1961 ते 1997. निघालं होतं गुजरातमधल्या अलंगला, भंगारात. साडेचार महिन्यांनी, 17 मे 2006 ला, ते केप ऑफ गुड होपला वळसा घालून फ्रान्समधल्याच ब्रेस्ट बंदरात परत आलं. अलंगच्या एकाही कामगाराचा हात त्याला लागला नाही. तरीही ॲस्बेस्टॉस, म्हणजे आग आणि उष्णता अडवणारं तंतुमय खनिज, हाताळण्याच्या कामगारांच्या प्रशिक्षणाबद्दल बोलायचं तर याच्याइतकं उपयोगी प्रकरण मला दुसरं सापडलेलं नाही.

ही हकिकत बहुतेक वेळा दोन देशांमधली ओढाताण म्हणून सांगितली जाते. ती बाजू थोडक्यात अशी: ॲस्बेस्टॉसपीडितांच्या फ्रेंच संघटना आणि ग्रीनपीस यांनी जहाज बाहेर पाठवायला विरोध केला. जानेवारी 2006 मध्ये सुएझ कालव्याच्या तोंडाशी इजिप्तने ते काही दिवस अडवून धरलं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय होईपर्यंत ते भारतीय हद्दीत आणू नये असं सांगितलं. 15 फेब्रुवारी 2006 ला फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने पाठवणी स्थगित केली आणि त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी जहाज परत बोलावलं. चार दिवसांवर त्यांचा भारत दौरा होता, हा योगायोग मानायचा की नाही ते ज्याने त्याने ठरवावं.

माझा रस दुसरीकडे आहे. जहाज फोडताना एखाद्या पार्टिशनला पहिल्यांदा गॅस कटर लावणारा जो माणूस असतो, त्याला पलीकडे काय आहे हे कोणी सांगितलं असतं का? आणि सांगणाऱ्याला तरी ते ठाऊक होतं का?

भिंतीच्या आत

आपल्याकडे ॲस्बेस्टॉस म्हटलं की छपराचे सिमेंटचे पत्रे डोळ्यांसमोर येतात. पत्र्यात ते सिमेंटमध्ये घट्ट बसलेलं असतं. पत्रा फुटला, कापला, त्याला भोक पाडलं की तंतू सुटतात, एरवी फारसे नाही. जहाजातला माल याहून वाईट. क्लेमान्सो वाफेच्या टर्बाइनवर चालणारं, आणि त्या काळच्या वाफेच्या जहाजात बॉयलरच्या भोवती, वाफेच्या पाइपांवरच्या लॅगिंगमध्ये (उष्णता अडवणाऱ्या जाड आवरणात), पाइपांच्या जोडांमधल्या गॅस्केटमध्ये, व्हॉल्व्हच्या पॅकिंगमध्ये, खोल्यांच्या आगरोधक बोर्डात, केबल जिथे भिंत ओलांडते तिथे ठासलेल्या लगद्यात, सगळीकडे ॲस्बेस्टॉस वापरलं जायचं. लॅगिंग जुनं झालं की भुसभुशीत होतं, बोटाने दाबलं तरी भुगा पडतो. वरून कापडाचं किंवा पत्र्याचं वेष्टन आणि त्यावर रंगाचे अनेक थर. बाहेरून बघणाऱ्याला तो फक्त एक जाड, रंगवलेला पाइप दिसतो.

सुटलेला तंतू डोळ्याला दिसत नाही. त्याला वास नाही. श्वासातून आत गेला तरी लगेच खोकला येत नाही, ठसका लागत नाही. ॲस्बेस्टॉसिस (तंतूंमुळे फुप्फुस घट्ट होत जाणं), फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा हे सगळं साधारण 20 ते 40 वर्षांनी उघड होतं. जहाज फोडणीतले बाकीचे धोके कामगार एकमेकांच्या अपघातांतून शिकतो. टाकीत गॅस साचून भडका उडाला, वरून प्लेट कोसळली, कोणाचा पाय गेला, की पुढचे सहा महिने सगळं यार्ड जपून वागतं. ॲस्बेस्टॉस असं कधीच शिकवत नाही. ज्याला आज बाधा झाली तो उद्याही धडधाकट कामावर येतो, परवाही. तो आजारी पडेल तेव्हा ना तो मुकादम असेल, ना ते यार्ड, ना ते जहाज. इतर धोक्यांच्या बाबतीत प्रशिक्षण कच्चं राहिलं तर अनुभव थोडीफार भर घालतो, इथे अनुभवाकडून काहीच मिळत नाही. जे कळायचं ते सांगण्यातूनच कळणार, म्हणून सांगणाऱ्याच्या हातातला कागद खरा असणं इथे निर्णायक ठरतं.

टनांचा हिशोब

क्लेमान्सोचा कागद कसा होता ते पाहू. पाठवणीआधी तुलाँमध्ये ॲस्बेस्टॉस काढण्याचं काम झालं होतं. फ्रेंच संरक्षण मंत्रालयाचं म्हणणं असं, की 115 टन काढलं, साधारण 45 टन उरलं, आणि उरलेलं काढलं तर जहाज टोइंग करण्याइतकं मजबूत राहणार नाही. मग पहिल्या टप्प्याचं काम केलेल्या टेक्नोप्युर या कंपनीने उघडपणे वेगळा आकडा सांगितला: आपण 70 टनांच्या आसपास काढलं आणि जहाजात अजून 500 ते 1000 टन असेल. या कंपनीचं मुख्य ठेकेदाराशी बिनसलेलं होतं, त्यामुळे तिचा शब्द तसाच्या तसा घ्यायचं कारण नव्हतं. पण 45 आणि 1000 यांच्यातला फरक काही वादाच्या रागातून येत नाही.

त्यातच फेब्रुवारीत नवा घोळ. काढलेल्या ॲस्बेस्टॉसची विल्हेवाट जिथे लावली तिथे वजनाच्या नोंदी 85 टनांच्याच होत्या. 115 मधले 30 टन कुठे गेले, याचं उत्तर मंत्रालयाकडे नव्हतं. ही तफावत संरक्षणमंत्री मिशेल अलिओ-मारी यांनी स्वतः जाहीर केली आणि चौकशी लावली. जहाज परत आल्यावर पुन्हा तपासणी झाली, आणि शेवटी ते इंग्लंडमध्ये फोडायला नेलं तेव्हा आकडा सांगितला गेला तो सुमारे 700 टन ॲस्बेस्टॉसयुक्त मालाचा. ‘ॲस्बेस्टॉस’ आणि ‘ॲस्बेस्टॉसयुक्त माल’ या दोन मोजण्या एकसारख्या नाहीत हे मान्य. बोर्डात तंतूंबरोबर बाकीचंही साहित्य असतं. पण काढायचा, ओला करायचा, पिशवीत भरायचा असतो तो अख्खा बोर्ड. कामगाराच्या दृष्टीने मोजणी त्याचीच.

आता कल्पना करा, जहाज फेब्रुवारी 2006 मध्ये अलंगला लागलं असतं. फ्रेंच बाजूचा युक्तिवाद होता की निवडलेलं यार्ड चांगल्यापैकी आहे आणि कामगारांना प्रशिक्षण आणि साधनं मिळतील. समजा, मिळाली असती. अगदी प्रामाणिकपणे. प्रशिक्षक 45 टनांचा कागद घेऊन उभा राहिला असता: या डेकवर आहे, बॉयलररूममध्ये आहे, बाकी साफ केलं आहे. कामगाराने ते लक्षात ठेवलं असतं आणि ‘साफ’ भागात मास्क गळ्यात अडकवून कटर चालवला असता. काहीही न शिकलेला माणूस एक वेळ सगळीकडेच बिचकत गेला असता. चुकीच्या यादीवर शिकलेला माणूस निर्धास्त असतो, आणि तो निर्धास्तपणा त्याला प्रशिक्षणानेच दिलेला असतो. मला या प्रकरणातली सगळ्यात त्रासदायक गोष्ट ही वाटते. 30 टनांच्या तफावतीवर वर्तमानपत्रांत जो गदारोळ झाला तो पैसे आणि खोटेपणा याभोवती. त्या तफावतीचा अर्थ कटरवाल्यासाठी काय, हे फारसं कोणी विचारलं नाही.

‘जागृती’ म्हणजे परवाना नव्हे

ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर 1999 मध्ये पूर्ण बंदी आली, तरी जुन्या वापरामुळे आजही तिथे वर्षाला सुमारे 5,000 माणसं या आजारांनी दगावतात. त्या अनुभवातून त्यांनी प्रशिक्षणाचे तीन थर केले आहेत, आणि ते आपल्याकडे सर्रास एकमेकांत मिसळले जातात म्हणून इथे जरा सविस्तर.

पहिला थर जागृतीचा. सुतार, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, पेंटर, ज्यांची गाठ कामात चुकून ॲस्बेस्टॉसशी पडू शकते, त्यांच्यासाठी. यात शिकवतात ते ओळखायला, टाळायला आणि थांबायला. संशयास्पद काही दिसलं की हात लावायचा नाही, काम बंद, वरच्याला सांगायचं. काढायला शिकवतच नाहीत. दुसरा थर किरकोळ, कमी धोक्याच्या कामांसाठी. तिसरा परवानाधारक कामाचा: लॅगिंग, फवारलेला लेप, इन्सुलेशन बोर्ड. जहाजातलं महत्त्वाचं बहुतेक सगळं या तिसऱ्यात येतं.

आपल्याकडे मी पाहिलेली बरीचशी ‘ॲस्बेस्टॉस ट्रेनिंग’ची प्रमाणपत्रं पहिल्या थराची असतात आणि वापरली जातात तिसऱ्याच्या जागी. तासाभराचं भाषण, फुप्फुसाच्या चित्रांच्या पाच-दहा स्लाइड, हजेरीपटावर सह्या. मग त्याच माणसाला पाठवतात जुन्या बॉयलरचं लॅगिंग उतरवायला. त्याला हे काम धोक्याचं आहे एवढं आता कळलेलं असतं, ते करायचं कसं हे मात्र नाही.

कसं करायचं, हे शब्दांत सोपं वाटतं. कामाची जागा प्लॅस्टिकच्या तंबूने बंद करायची, आतली हवा गाळणीतून बाहेर ओढायची म्हणजे आतला दाब कमी राहतो आणि फट राहिली तरी हवा आत येते, बाहेर जात नाही. माल आधी भिजवायचा, नुसत्या पाण्याने नाही, कारण लॅगिंग पाणी सहज पीत नाही. त्यात साबणासारखं द्रव्य मिसळून सुया टोचून आतपर्यंत मुरवायचं. कोरडा झाडू वर्ज्य. साधा व्हॅक्यूम क्लीनरही वर्ज्य, कारण त्याच्या मागून बारीक तंतू खोलीभर उडतात. मास्क चेहऱ्याला बसतो की नाही याची चाचणी प्रत्येकाची वेगळी घ्यायची: डोक्यावर टोपडं चढवून आत कडू द्रवाचा फवारा मारतात, जिभेला कडू लागलं तर मास्क बसलेला नाही. दाढीचे दोन दिवसांचे खुंट असले तरी कडा बसत नाही. अलंग असो की आपल्याकडचं कुठलं यार्ड, दाढी हा प्रश्न नाजूक आहे, आणि त्यावर बोलायचं टाळून मास्क वाटले जातात.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या काम संपल्यावर. बाहेर येताना क्रम ठरलेला असतो: आधी अंगावरचा सूट बारीक तंतू अडवणाऱ्या खास गाळणीच्या व्हॅक्यूमने साफ, मग ओल्या फडक्याने, मग सूट आतली बाजू बाहेर गुंडाळत उतरवायचा, आणि मास्क तोंडावर ठेवूनच शॉवरखाली उभं राहायचं. डोक्यावरून पाणी वाहून गेल्यावर मास्क सगळ्यात शेवटी. दमलेला, घामेजलेला माणूस नेमकं उलट करतो. तंबूच्या बाहेर पाऊल पडताच पहिला हात मास्ककडे. हे सांगून सुटत नाही. म्हणून सरावात सूटवर अतिनील दिव्याखाली चमकणारी पावडर टाकतात, माणसाला नेहमीसारखा सूट उतरवू देतात, मग दिवे मालवून तो दिवा लावतात. मनगटाच्या आत, हनुवटीखाली, कानामागे, कॉलरच्या शिवणीत हिरवट ठिपके दिसतात. आपण स्वच्छ आहोत असं ठामपणे म्हणणारा माणूस तिथे गप्प होतो. माझ्या मते दहा स्लाइडऐवजी हा एक प्रयोग करावा. खर्च फारसा नाही, दिवा आणि पावडर सहज मिळते.

शॉवर नसेल तर पुढचं सगळं फोल. कपडे घरी जातात. कामगाराचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी जगभरच्या वैद्यकीय साहित्यात आहेत.

अलंगचे 94

क्लेमान्सो गेलं तरी प्रश्न गेला नाही. त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक समितीसमोर अलंगच्या कामगारांच्या तपासणीचे निष्कर्ष आले. ॲस्बेस्टॉस हाताळणाऱ्या 94 कामगारांच्या छातीच्या एक्स-रेमध्ये 15 जणांच्या, म्हणजे 16 टक्क्यांच्या, फुप्फुसांवर रेषेसारख्या सावल्या दिसल्या. ॲस्बेस्टॉसिसच्या सुरुवातीशी जुळणाऱ्या, पण तो झालाच असं ठामपणे सिद्ध करणाऱ्या नव्हेत. ही सावध भाषा डॉक्टरांची आहे आणि ती योग्यच आहे. पण 20 वर्षांनी दिसणाऱ्या आजाराशी जुळणाऱ्या सावल्या जिथे कामगार काही हंगामांपुरते येतात अशा ठिकाणी एक्स-रेवर इतक्यांत दिसताहेत, याकडे काणाडोळा करता येत नाही.

अलंगचे बहुतेक कामगार ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडचे. इथे एक कायद्याची गोष्ट. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण संशोधन केंद्राच्या याचिकेवर 27 जानेवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि ॲस्बेस्टॉसच्या कामात प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून किमान 40 वर्षं किंवा काम सुटल्यावर 15 वर्षं, यातलं जे नंतर संपेल तोपर्यंत जपली पाहिजे. ब्रिटनचा नियमही 40 वर्षांचाच. कागदावर आपण कुठेच कमी नाही. पण ओडिशातला माणूस ठेकेदार बदलत दोन-तीन यार्डांत काम करून गावी परततो, तेव्हा त्याची नोंद कोणाकडे आणि 2040 मध्ये तो धाप लागून जिल्हा रुग्णालयात गेला तर डॉक्टर ती मागवणार कुठून? बऱ्याचदा निदान क्षयरोगाचं होतं, औषध सुरू होतं, गुण येत नाही. म्हणून प्रशिक्षणात एक गोष्ट मी आवर्जून घालतो: कुठल्या यार्डात, कुठल्या जहाजावर, कधी ते कधी काम केलं आणि त्यात लॅगिंग किंवा बोर्ड काढला का, हे स्वतःच्या वहीत लिहून ठेवायचं. वही नको तर मोबाइलमध्ये जहाजाच्या नावाचा फोटो. पुढे भरपाई मागताना ‘मी तिथे होतो’ हे सिद्ध करणं हाच सगळ्यात अवघड टप्पा असतो.

ब्लू लेडी आलीच

क्लेमान्सो मागे फिरलं त्याच वर्षी आणखी एक फ्रेंच बनावटीचं जहाज गुजरातच्या किनाऱ्यावर आलं. मूळचं एसएस फ्रान्स, नंतर नॉर्वे, शेवटचं नाव ब्लू लेडी. तेही साठच्या दशकातलं, वाफेचं. 15 ऑगस्ट 2006 ला ते अलंगच्या वाळूवर चढवलं गेलं आणि 11 सप्टेंबर 2007 ला सर्वोच्च न्यायालयाने फोडायला परवानगी दिली. त्याच्यावर हजार टनांहून जास्त ॲस्बेस्टॉसयुक्त माल असल्याचा अंदाज होता. त्यातला मोठा भाग भिंती आणि छतांच्या पॅनेलचा, आणि पॅनेल अखंड काढून पुन्हा वापरता येतात, हा परवानगीच्या बाजूचा एक मुद्दा होता.

हा मुद्दा मला पटत नाही. अलंगच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जहाजातून निघालेल्या सामानाची दुकानं आहेत: दारं, सोफे, भांडी, पंखे, प्लायवूड. पॅनेल अखंड निघाला आणि एखाद्या दुकानात आला, तर तो कापणारा सुतार कुठल्या प्रशिक्षणाला आला होता? यार्डातल्या माणसाला तंबू, ओलावा, मास्क सगळं शिकवा. माल फाटकाबाहेर पडला की साखळी तुटते. प्रशिक्षणाची हद्द कंपाउंडच्या भिंतीशी संपते आणि तंतूची संपत नाही.

हार्टलपूल

क्लेमान्सोचं पुढे काय झालं? फेब्रुवारी 2009 मध्ये ते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला एबल यूके या कंपनीच्या यार्डात नेलं गेलं. तिथेही स्थानिकांचा विरोध होताच. आपल्याला वाटतं तसं तिकडे सगळं आनंदाने स्वीकारलं गेलं नव्हतं. नोव्हेंबर 2009 मध्ये फोडणी सुरू झाली, 2010 च्या अखेरीस संपली. म्हणजे यार्डात आल्यावर पहिला कट घ्यायला नऊ महिने लागले. हवेतल्या तंतूंची मर्यादा तिथे दर घन सेंटिमीटर हवेत 0.1 तंतू, चार तासांच्या सरासरीने. परवानाधारक कंपनी, तंबू, हवेचे नमुने, जागा मोकळी करण्यापूर्वी स्वतंत्र तपासणी.

अलंगमध्ये नऊ महिने थांबायला कोणी तयार होईल का? जहाज विकत घेतलेलं, बँकेचं व्याज चालू, उधाणाच्या भरतीला वाळूवर चढवलेलं. इथल्या अर्थकारणात प्रशिक्षणाचे दिवस हे कामाचे बुडालेले दिवस म्हणून मोजले जातात, आणि त्यामुळेच ते तासांत आटपतात.

दारूखाना, आणि नंतरचं

मुंबईकर वाचकाला अलंग लांबचं वाटू नये म्हणून: क्लेमान्सो ज्या वर्षी फ्रेंच नौदलात आलं त्याच 1961 मध्ये आयएनएस विक्रांत आपल्या नौदलात आली, आणि दोन्ही निवृत्त झाली 1997 मध्येच. विक्रांतही वाफेवर चालणारी. ती 2014-15 मध्ये फोडली गेली मुंबईतच, दारूखाना या भागातल्या जहाज फोडणीच्या यार्डात. तेव्हा गाजलेला वाद होता तिचं संग्रहालय ठेवावं की नाही, याचा; तिच्या पोलादातून मोटारसायकल आली त्याचंही कौतुक झालं. तिच्या पाइपांवरचं लॅगिंग कोणी, कसं उतरवलं, यावर मराठी वर्तमानपत्रांत काही वाचल्याचं मला आठवत नाही.

दरम्यान नियम पुढे गेले आहेत. मे 2009 मध्ये जहाजं सुरक्षितपणे फोडण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय हाँगकाँग करार झाला, भारताने तो नोव्हेंबर 2019 मध्ये स्वीकारला, त्याच वर्षी जहाज पुनर्वापराचा स्वतंत्र कायदा केला, आणि करार प्रत्यक्ष लागू झाला 26 जून 2025 ला. त्याचा गाभा म्हणजे प्रत्येक जहाजासोबत घातक पदार्थांची ठिकाणवार यादी आणि तिच्यावर आधारलेला फोडणीचा आराखडा. क्लेमान्सोच्या वेळी जी गोष्ट नव्हती नेमकी तीच. अलंगच्या अनेक यार्डांनी फरशीची पक्की जमीन, क्रेन, ॲस्बेस्टॉससाठी बंद खोल्या अशा सुधारणा केल्या आहेत आणि त्याचं श्रेय द्यायला हवं.

पण यादी इंग्रजीत असते, फाइलमध्ये असते, आणि सुपरवायझरच्या टेबलावर असते. ती कटरवाल्यापर्यंत पोचवायची तर ज्या दिवशी ज्या कप्प्यात काम, त्या कप्प्याचं पान त्या सकाळी, तिथेच उभं राहून, हिंदीत किंवा ओडियात मोठ्याने वाचायचं, आणि ज्या भिंतीमागे नमुना घेतलेला नाही तिथे खडूने मोठी फुली मारायची. फुली म्हणजे ‘माहीत नाही, म्हणजे आहेच असं समजा’. यादीत नसलेलं काही कटरसमोर आलं तर काम थांबवायचा हक्क कटरवाल्याचा, मुकादमाची परवानगी न मागता. आणि थांबलेल्या वेळाची हजेरी कापायची नाही, हे ठेकेदाराच्या करारातच लिहिलेलं हवं. ज्याला थांबल्याचे पैसे मिळणार नाहीत, तो कितीही शिकवलं तरी थांबणार नाही. त्याच्या जागी आपणही थांबलो नसतो.